महागूच्या नावाचं रक्त

महागू मरकामचं रक्त मंगळवारी दुपारी कोसमटोल्यात परत आलं, आणि घटकाभरातच ते महागूचं नाहीच असा बोभाटा झाला.

आणलं होतं आम्रपालीनं. लांजीहून स्कूटीवर, पायाशी थर्माकोलची पेटी, पेटीत बर्फ आणि बर्फात करंगळीएवढी एक नळी. जंगलातल्या रस्त्याचे खड्डे तिनं इतक्या जपून ओलांडले होते की सायकलवाले तिला मागं टाकून गेले. महागूच्या अंगणात माणसं जमलेली होती. तिनं पेटी खाटेवर ठेवली, महागूची बायको सत्यभामा हिच्या पाया पडली आणि नळीसोबत आलेला कागद मुलाच्या, मोतीलालच्या हातात दिला.

मोतीलाल दहावी शिकलेला. कागद आला की तो आधी वाचायचा आणि मग बोलायचा, त्यामुळं गावात त्याचा वचक होता. त्यानं कागद वाचला, घरात गेला, ट्रंकेची कडी वाजली, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक जुनं, कडा झिजलेलं कार्ड होतं. महागू तरुणपणी एका ठेकेदाराबरोबर परराज्यात कारखान्यात गेला होता, तेव्हाचं. कार्डावर फोटो महागूचा, आणि खाली रक्तगट: बी. रक्त नेलेल्या संस्थेच्या कागदावर नंबर अठ्ठ्याऐंशी, नाव महागू मरकाम, रक्तगट: ओ.

"बाई," मोतीलाल शांतपणे म्हणाला, "मानूस मेल्यावर त्याचं रक्त बदलते का?"

आम्रपालीनं कार्ड आणि कागद शेजारी शेजारी धरून पुन्हा वाचले.

आता हे रक्त परत यायचं कारण काय, ते सांगायला हवं. कोसमटोला सगळा गोंडांचा. माणूस मेला की वर्षाच्या आत त्याचा जीव कुळाच्या देवांत मिळवायचा असतो. त्याला कुंडा मिळवणं म्हणतात. तो झाला नाही तर मेलेला माणूस घरचाही राहत नाही आणि देवांचाही होत नाही, नुसता शिवेवर उभा राहतो. महागू हिवाळ्यात गेला. कुंड्याचा दिवस ठरवायला बसले तेव्हा गावच्या पुजाऱ्यानं, म्हणजे भुमकानं, एकच अडचण काढली. महागूचं थोडं रक्त शहरात फ्रीजमध्ये ठेवलेलं आहे. अर्धा माणूस बाहेर असताना देव त्याला घेतील कसे? आधी तो सगळा घरी आणा.

आणि ते आणता येत होतं, कारण तसा करारच होता. दोन वर्षांपूर्वी दूरच्या शहरातली एक संस्था सिकलसेलचा अभ्यास करायला आली. पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून उतरणारा हा आजार ह्या पट्ट्यात घरोघरी आहे. संस्थेनं भागीदारी असा शब्द वापरला. गावानं तो शब्द उलटसुलट करून पाहिला आणि आपल्या अटी घातल्या. त्यातल्या दोन महत्त्वाच्या. आमच्या रक्तात जे सापडेल ते आधी आम्हाला सांगायचं. आणि ज्यानं मागितलं त्याचं उरलेलं रक्त थेंब न थेंब परत करायचं. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, अंगठे झाले, आणि रक्त काढायला आणि गाव व संस्था यांच्यामधला दुवा म्हणून लांजीची आम्रपाली गजभिये नेमली गेली.

तिचा स्वतःचा तरी संस्थेवर विश्वास होता का? मुळीच नव्हता. तिचा धाकटा भाऊ राहुल ह्याच आजारानं बाविसाव्या वर्षी गेला. तो आजारी असताना तीन वेगवेगळे लोक येऊन अभ्यासासाठी म्हणून त्याचं रक्त घेऊन गेले. त्यातून काय निघालं हे सांगायला एकही परत आला नाही. म्हणूनच तिनं ही नोकरी धरली. निदान ह्या खेपेला आपण मध्ये उभं राहू, असं तिला वाटलं. संस्थेला जाणाऱ्या प्रत्येक कागदाची एक प्रत ती आपल्या घरी कपाटात ठेवायची, आणि हे तिनं संस्थेला सांगितलं नव्हतं.

पण गाव रक्त द्यायला राजी होईना. तीन बैठका वाया गेल्या. चौथ्या बैठकीत महागू उठला. तोवर तो कोपऱ्यात चिलीम ओढत बसलेला असायचा. "द्या रक्त," तो म्हणाला. "ही पोरगी आपल्याच इलाक्याची हाये. इनं फसवलं तं मले इचारा." एवढंच बोलला आणि बसला. दुसऱ्या आठवड्यात गावानं बाह्या वर केल्या. महागूचं ते वाक्य आम्रपालीनं दोन वर्षं मनात जपलं होतं. आईवडलांनीही तिच्याबद्दल इतक्या खात्रीनं कधी काही म्हटलं नव्हतं.

आणि आता त्याच महागूच्या अंगणात ती चोरासारखी उभी होती.

चर्चा तर पेटीतला बर्फ विरघळायच्या आत सुरू झाली. कुणी म्हणालं, खरं रक्त परदेशात विकलं असणार. कुणी म्हणालं, जंगलच्या माणसाच्या रक्ताची औषधं करतात, म्हणून चार महिने टाळाटाळ केली. चार महिने लागले होते हे खरंच होतं. संस्थेनं आधी फॉर्म मागितला, मग दुसरा फॉर्म मागितला, मग साहेब सुटीवर गेले. एका बाईनं, तोंड दुसरीकडं करून, आम्रपालीची ही स्कूटी नवी दिसते असं म्हटलं. ती हप्त्यावर घेतलेली होती, पण हे तिथं सांगणं म्हणजे चोरी कबूल करण्यासारखंच झालं असतं.

सत्यभामा खाटेजवळ बसून पेटीकडं बघत होती. तिनं विचारलं, "हे त्याचं नाही, तं त्याचं कुठी हाये?"

मोतीलालनं शेवटचं सांगितलं. कुंडा रविवारी आहे. दुसऱ्या कुळाच्या माणसाचं रक्त त्यात गेलं तर सगळा विटाळ. शनिवारी शाळेच्या ओसरीत गाव बसेल. तोवर बाबाचं खरं रक्त आणा, नाहीतर सगळ्यांचं सगळं परत करा आणि ह्या गावात पुन्हा पाय ठेवू नका. पेटी घेऊन आम्रपाली निघाली तेव्हा तिला वाटेपर्यंत पोचवायला कुणी आलं नाही. हे त्या गावात पहिल्यांदाच घडलं.

घरी येऊन तिनं कपाटातल्या प्रती काढल्या. अठ्ठ्याऐंशी नंबर, महागू मरकाम, अक्षर तिचंच. आधीचा आणि नंतरचा नंबर पाहिला, तारीख पाहिली, खाडाखोड कुठंच नव्हती. पण खाडाखोड नाही म्हणजे चूक नाही असं थोडंच असतं! त्या दिवशी पस्तीस जणांची रांग होती. ती नवी होती, माणसं अनोळखी होती, आणि तिनं दिवसभर फक्त हात पाहिले होते. शीर कुठली धरायची, सुई कुठं टोचायची. एकाही माणसाचं तोंड तिला आठवेना. ज्या संस्थेवर ती दोन वर्षं पाळत ठेवून होती तिच्याइतकाच तिला आता स्वतःचा संशय यायला लागला.

तिनं डॉ. अश्विनला फोन लावला. संस्थेतला हा तरुण शास्त्रज्ञ गावात आला की जमिनीवर बसून जेवायचा, त्यामुळं लोकांना आवडायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि लेबलं कुणी लावली होती असं विचारलं. प्रश्न साधाच होता, पण तिला तो झोंबला. लेबलं मी लावली, पण नळ्या दोन वर्षं तुमच्याकडं होत्या, असं तिनं सुनावलं. दोघांनीही आवाज न चढवता एकमेकांना चोर ठरवलं आणि फोन ठेवला.

गुरुवारी त्याचाच फोन आला. आवाज हलका होता, सुटल्यासारखा. अदलाबदल झालेलीच नाही, तो म्हणाला. नंबर एकतीस आणि नंबर अठ्ठ्याऐंशी, ही दोन्ही रक्तं एकाच माणसाची आहेत. एकच माणूस दोनदा रांगेत बसला.

एकतीस म्हणजे कोण हे बघायला तिला कपाट उघडावं लागलं नाही. एकतीस म्हणजे वसंता उइके. महागूचा मितान. लहानपणी गावासमोर फुलं बदलून ज्यांनी मैत्री बांधून घेतली, आणि मग रिवाजाप्रमाणं आयुष्यभर एकमेकांचं नावसुद्धा न घेता मितान म्हणूनच हाक मारली, त्या जोडीतला जिवंत राहिलेला अर्धा.

"तुम्हाला आत्ता कळलं का हे?" तिनं विचारलं.

डॉ. अश्विन म्हणाला, तसं गेल्या वर्षीच दिसलं होतं. असे दुहेरी नमुने प्रत्येक अभ्यासात निघतात. एक वगळायचा आणि पुढं जायचं, त्यात विशेष काही नसतं. तिचं डोकं सणकलं. जे सापडेल ते आधी गावाला सांगायचं असं लिहून दिलंय ना तुम्ही? तो म्हणाला, ते आजाराबद्दल. ही तांत्रिक बाब होती. तिला राहुलचं रक्त घेऊन गेलेली ती तीन माणसं आठवली. तीही अशीच सभ्य होती.

मग त्यानं मार्ग सुचवला. वसंतानं खोटं नाव लावलं हे गावात सांगितलं तर सगळंच फिसकटेल. त्यापेक्षा लेबल लावताना तुमची चूक झाली असं म्हणा. मी येतो, संस्थेतर्फे माफी मागतो. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही हे मी बघतो. माणसाच्या हातून चूक होते, गाव समजून घेईल. तो हे मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

शुक्रवारी सकाळी ती वसंताकडं गेली. तो अंगणात मोहफुलं वाळत घालत होता. तिनं स्कूटी लावली, समोर बसली आणि आडवळण न घेता विचारलं. वसंता फुलं पसरत पसरत म्हणाला, "मीच होतो. डाव्या हाताचं माह्या नावानं देल्लं, उजव्याचं मितानच्या नावानं."

त्याच्या बोलण्यात अपराध नव्हता. मितानच्या शेतात नांगर धरला, मितानच्या पोरीच्या लग्नात बाप म्हणून उभा राहिला, तसंच हेही. यादीत सगळ्यांचीच नावं होती. महागूचं नाव पुकारलं आणि तो आला नव्हता. मग दोन दिवसांपूर्वी स्वतःचं देऊन झालेला वसंता पुन्हा रांगेत बसला. त्याच्या हिशेबानं त्यात खोटं काही नव्हतं. मितानच्या वाटचं कोणतंही काम मितान करू शकतो, आणि रक्त देणं हेही कामच.

"पण ते काहून नाही आले?" आम्रपालीनं विचारलं. "रक्त द्या म्हनून त्याईनंच तं गावाले सांगतलं."

मग वसंतानं सांगितलं. त्या कारखान्यात ठेकेदारानं सगळ्यांचं रक्त तपासलं होतं, कार्डं दिली होती. आठ दिवसांनी महागूला कामावरून काढलं. रक्तात काय निघालं ते कुणी सांगितलं नाही. तुझ्यात खराबी आहे, एवढंच म्हणाले. तो पायी पायी गावी आला आणि ती गोष्ट त्यानं फक्त मितानला सांगितली. कार्ड ट्रंकेत टाकलं. पुढं मोतीलालची पोरगी नूतन हिला सिकलसेल निघाला. रात्रंदिवस हाडं दुखून रडायची. तेव्हा महागूला वाटलं, गावानं रक्त दिलं तर निदान डॉक्टर लोक गावाकडं बघतील, नातीला औषध मिळेल. म्हणून तो बैठकीत उठला. पण स्वतःचा हात पुढं करायची वेळ आली तेव्हा त्याला ते झालं नाही. तो जंगलात निघून गेला आणि अंधार पडल्यावर परतला.

आम्रपाली म्हणाली, "म्हंजे माह्यावर भरोसा नव्हता त्याईचा."

"तुह्यावर राग नव्हता पोरी. तो म्हने, पोरगी चांगली हाये, पन पेटी एकदा गाडीत चढली का पोरीचं काय चालते?"

तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. दोन वर्षं जपलेलं ते वाक्य पोकळ निघालं होतं. वर आणखी वाईट हे की महागूचं म्हणणं खरं होतं. पेटी गाडीत चढल्यावर तिचं खरोखर काही चाललं नव्हतं. एका माणसाचं रक्त दोनदा आलंय हे संस्थेला वर्षभर माहीत होतं, आणि तिला नव्हतं.

वसंतानं हात जोडले. हे गावात बोलू नको, म्हणाला. मितानच्या शब्दावर साऱ्यांनी रक्त दिलं. त्यानंच दिलं नाही हे कळलं तर मेलेल्या माणसाचं नाव खराब होईल. आम्रपाली काही कबूल न करता उठली.

घरी ती विचार करत बसली. लेबलाची चूक म्हटलं तर अभ्यास वाचत होता, महागूचं नाव वाचत होतं, वसंता वाचत होता. जाणार होतं फक्त तिचं नाव, आणि ते तर असंही गेल्यातच जमा होतं. हे तिला जवळजवळ पटलं. पण मग सत्यभामेचा प्रश्न आठवला. हे त्याचं नाही, तं त्याचं कुठी हाये? लेबल चुकलं म्हटलं की महागूचं रक्त शहरातल्या कुठल्यातरी फ्रीजमध्ये दुसऱ्याच्या नावाखाली कायमचं हरवणार होतं. मग त्याचा कुंडा कधीच झाला नसता. म्हातारी मरेपर्यंत त्याला शिवेवर उभा असलेला पाहत राहिली असती. तिनं डॉ. अश्विनला येऊ नका असा निरोप पाठवला.

शनिवारी शाळेच्या ओसरीत गाव बसलं. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, मध्ये मोतीलाल आणि भुमका. वसंता खांबाला टेकून बसला होता. आम्रपालीनं पेटी समोर ठेवली. "ह्या नळीतलं रक्त महागूबाबाचं नाही," ती म्हणाली. "संस्थेनं बदललं नाही, माह्याकडूनबी बदललं नाही. त्याईनं रक्त देल्लंच नव्हतं." तिनं वसंताकडं पाहिलं नाही. त्याचं नाव कसं घ्यावं हे ती मनात जुळवत होती, तेवढ्यात तो खांब धरून उठला आणि म्हणाला की ते रक्त माझं आहे, मितानच्या नावानं मी दिलं. कारण मात्र त्यानं सांगितलं नाही. कारखान्याची गोष्ट त्यानं गिळून टाकली.

सगळ्यात आधी बोलली सत्यभामा. "म्हंजे त्याचं काहीच बाहेर नाही गेलं?"

"नाही माय. एक थेंबबी नाही."

"सारा इथंच हाये?"

"हौ. सारा इथंच."

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला. मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, उद्याचे तांदूळ निवडायचे आहेत म्हणाली आणि दोघी सुनांना घेऊन घरी गेली. तिच्यापुरता मामला संपला होता. तिला जाताना पाहून आम्रपालीला वाटलं, एवढ्यासाठीच आपण आलो होतो, आता काय व्हायचं ते होवो.

व्हायचं ते लगेच झालं. त्या दिवशी बाप दिवसभर जंगलात होता हे मोतीलालला आठवलं. तो म्हणाला, "बाबानं आमाले द्यायले लावलं, अन् सोता जंगलात जाऊन बसला." त्याच्या आवाजात रागापेक्षा लाज जास्त होती. आम्रपालीला तिथं थांबता आलं असतं. पण तिनं पुढचंही सांगितलं, की दोन नळ्या एका माणसाच्या आहेत हे संस्थेला वर्षभरापूर्वी दिसलं होतं, आणि करार असून त्यांनी ते गावाला कळवलं नाही, मलाही नाही. आता हे ऐकल्यावर कोण बसून राहील! मोतीलाल उठला. माझं परत मागव, म्हणाला, आणि नूतनचंही. नूतनचं औषध सरकारी दवाखान्यातून येत होतं, ते काही बंद होणार नव्हतं. तरी ते नाव लिहिताना आम्रपालीचा पेन अडखळला.

मग रांग लागली. दोन वर्षांपूर्वी द्यायला लागली होती तशीच, पण आज ती प्रत्येकाचं तोंड ओळखत होती. कुणी तिच्याकडं पाहत होतं, कुणी नव्हतं. स्कूटीबद्दल बोललेली बाई म्हणाली, तू खरं बोललीस बाई, पण माझं परत दे. दुपार टळून गेली तरी रांग सरत नव्हती. ऊन ओसरीच्या पायरीवर आलं तेव्हा यादीत एकच नंबर उरला होता.

वसंता तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला. तिनं न विचारता एकतीसवर पेन टेकवला.

"ते राहू दे," तो म्हणाला. मग पेटीकडं हात केला. "हे तेवढं मले दे. हे त्याच्या नावानं देल्लं होतं, अन् त्याच्या मनात द्यायचं नव्हतं."

तिनं बर्फाच्या पाण्यातून नळी काढली, पुसली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती धोतराच्या सोग्यात बांधली. आपलंच रक्त तो असं जपून बांधत होता, जणू ते खरंच दुसऱ्या कुणाचं असावं. तिला राहवलं नाही. तिनं विचारलं, सगळ्यांनी काढून घेतलं, मग तुमचं काहून ठेवता? माझ्यावर भरोसा आहे म्हणून?

"नाही," वसंता म्हणाला. "भरोसा मितानले नव्हता अन् मलेबी नाही. पन सारेच निघून गेले तं त्या संस्थेवाल्याईले इचारनार कोन? माहं तिथी हाये तोवर मले इचारता येते." तो उठला, गुडघे झाडले. "दर महिन्याले येऊन सांगत जा, का करून राह्यले ते. नाही आली तं मी लांजीले येईन, तुह्या दारात बसीन."